हातापायाच्या जखमेवर व्हॅक मशीन लावलंय? पुण्यातले नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

नवले पुलापाशी कुणाची गाडी उडते, चाकणला कंपनीत कुणाचा हात रोलरमध्ये जातो, नाहीतर घरातल्या शुगरवाल्या आजोबांचा अंगठा काळा पडून काढावा लागतो. कारणं वेगवेगळी, पण ऑपरेशननंतर वॉर्डात आणलं की चादरीखाली दिसतं ते सारखंच: जखमेत काळा स्पंज, वर चिकट प्लास्टिक, त्यातून नळी आणि नळीच्या टोकाला गुरगुरणारं मशीन, तेच व्हॅक (व्हॅक्यूम). मी ऑर्थोच्या (हाडांच्या) वॉर्डात ड्रेसिंग करायचे, आता घरी जाऊनही करते, आणि कॉरिडॉरमध्ये, लिफ्टमध्ये, फोनवर जे प्रश्न येतात तेच इथे एकत्र टाकलेत. तुमच्या पेशंटचं अंतिम काय ते तुमच्या सर्जननी सांगितलेलंच धरा.

व्हॅक म्हणजे करतात तरी काय?

जखम ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नीट साफ करायची, मेलेलं मांस काढायचं, मग जखमेच्या मापाचा स्पंज कापून आत बसवायचा, वरून हवाबंद प्लास्टिक चिकटवायचं, त्याला भोक पाडून नळी लावायची आणि मशीननी आतली हवा ओढून घ्यायची. मशीन सुरू झालं की फुगलेला स्पंज बेदाण्यासारखा आकसतो, कडक होतो, तसा आकसलेला दिसला म्हणजे सील नीट बसलंय. ओढ सतत चालू राहते त्यामुळे जखमेत साठणारी लस, पाणी मशीनच्या डब्यात जातं, सूज उतरते, जखमेच्या कडा थोड्या जवळ येतात आणि तळाशी लाल दाणेदार मांस लवकर धरायला लागतं. शिवाय जखम दिवसातून दोनदा उघडी पडत नाही, हे मला वैयक्तिक सगळ्यात मोठं वाटतं, कारण साध्या पट्टीत पाणी सुटलं की पट्टी भिजते, भिजली की बदला, बदलताना परत दुखणं.

मशीनवर मायनस १२५ दाखवतंय, काही बिघडलंय का?

नाही हो, तो दाब आहे. बाहेरच्या हवेपेक्षा १२५ मिलिमीटर पारा इतका कमी दाब आत ठेवलाय असा त्याचा अर्थ. पुणे उंचावर असल्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा जरा विरळच, पण मशीन आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत मोजतं म्हणून त्यानं फरक पडत नाही (एका इंजिनियर काकांनी विचारलेलं, प्रश्न चांगला होता). १२५ हा आकडा अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या अर्जेंटा आणि मॉरिक्वास यांच्या कामातून रूढ झाला, त्यांनी आधी डुकरांवर प्रयोग केले, मग पेशंटवर, आणि १९९७ मध्ये छापलं. त्याच्याआधी १९९३ मध्ये जर्मनीत फ्लाइशमन यांनी हाड मोडून बाहेर आलेल्या जखमांवर असंच काहीसं केलेलं होतं, म्हणजे हातापायाच्या जखमा यात पहिल्यापासून आहेत. डॉक्टर कधी दाब कमीही ठेवतात, विशेषतः रक्तपुरवठा नाजूक असेल किंवा पेशंटला फारच दुखत असेल तर. आकडा स्वतः बदलू नका. नातू मशीनची बटणं दाबत बसलाय हे मी पाहिलेलं आहे.

आमच्याच पेशंटला का लावलं, बाजूच्या बेडला तर साधी पट्टी आहे?

जखम कशी आहे त्यावर ठरतं. हाड मोडून कातडी फाटलेली, चाकाखाली येऊन कातडी सोलून निघालेली, पायात दाब वाढल्यामुळे दोन्ही बाजूंनी लांब चीर देऊन उघडा ठेवलेला पाय, शुगरच्या पायाची बोटं किंवा पंजाचा भाग काढल्यावर राहिलेली उघडी जागा, टाके उसवून उघडी पडलेली ऑपरेशनची जखम, या व्हॅकच्या नेहमीच्या जागा. मांडीची कातडी काढून जखमेवर लावली की ती हलू नये म्हणूनसुद्धा वरून चार-पाच दिवस व्हॅक ठेवतात, तेव्हा मध्ये न चिकटणारी जाळी असते. बाजूच्या बेडची जखम लहान असेल, कडा जुळत असतील तर त्याला साधी पट्टीच योग्य. महाग ते चांगलं असं इथे नाही.

कुणाला लावत नाहीत?

काळं कडक मेलेलं मांस तसंच असेल तर आधी ते काढायला लागतं, त्याच्यावर स्पंज ठेवून उपयोग शून्य. जखमेत कॅन्सर असेल, हाडात इन्फेक्शन असून त्याचा इलाज झालेला नसेल, मोठी रक्तवाहिनी किंवा नस (मज्जातंतू) उघडी दिसत असेल तर थेट स्पंज लावत नाहीत. पायाचा रक्तपुरवठाच कमी असेल तर आधी डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) वगैरे करून तो प्रश्न सोडवायचा. आणि एक, घरचे हमखास सांगायचे विसरतात: रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. हृदयाला स्टेंट बसवलेल्या माणसाच्या दोन-दोन गोळ्या चालू असतात आणि फाईलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. गोळ्या आपल्या मनानी बंदही करू नका, फक्त सांगा.

मशीन लावलंय म्हणजे जखम आता भरेलच ना? मग परत ऑपरेशन कशाला म्हणतायत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळी गडबड इथेच होते, म्हणून जरा सविस्तर. व्हॅक जखम बरी करत नाही, जखम पुढच्या कामासाठी तयार करतं. आधी सर्जननी साफ करायचं, मध्ये व्हॅक, आणि शेवटी जखम बंद करायची, मग ती टाके घालून असो, कातडी लावून असो किंवा मांसासकट कातडीचा तुकडा फिरवून, ज्याला फ्लॅप म्हणतात. लहान जखम असेल तर कधी कधी नुसत्या व्हॅकवर आणि नंतर साध्या पट्टीवरही भरते, पण नडगीवर हाड उघडं असेल किंवा आतली प्लेट दिसत असेल तर व्हॅकच्या भरवशावर दिवसच्या दिवस काढणं बरोबर नाही. ब्रिटनमध्ये अशा उघड्या फ्रॅक्चरला ७२ तासांच्या आत मांस-कातडीनी झाकायचा नियम आहे, आपल्याकडे पेशंटच तालुक्याहून उशिरा येतो, प्लास्टिक सर्जनची वेळ, ओटीची वेळ, पैशाची जमवाजमव, सगळं धरून तेवढ्यात होत नाही हे मलाही कळतं, पण आठवडा उलटला की इन्फेक्शनचा धोका वाढतो आणि व्हॅक चालू आहे म्हणून तो थांबत नाही.

म्हणून राऊंडला डॉक्टर आले की "मशीन किती दिवस" हे विचारण्याआधी "मशीननंतर पुढे काय करायचं ठरलंय आणि कधी" हे विचारा. उत्तर स्पष्ट असेल तर निर्धास्त राहा. "बघू, अजून एक व्हॅक लावू" असं दोन-तीनदा ऐकलंत तर प्लास्टिक सर्जनचं मत घ्यायचं का असं सरळ विचारा, त्यात कुणाचा अपमान नाही, चांगले डॉक्टर उलट स्वतःच बोलावतात.

खरंच फायदा आहे का बिल वाढवायचा प्रकार?

दोन्ही बाजूंनी सांगते, कारण व्हॉट्सॲपवर एकच बाजू येते.

शुगरच्या पायाचं ऑपरेशन झालेल्यांमध्ये पुरावा बरा आहे. २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलेल्या अभ्यासात पंजाचा भाग काढलेले १६२ पेशंट होते, व्हॅकवाल्यांपैकी ५६ टक्क्यांच्या जखमा १६ आठवड्यांत बऱ्या झाल्या आणि साध्या ड्रेसिंगवाल्यांपैकी ३९ टक्क्यांच्या. फरक आहे, पण व्हॅक लावूनही बऱ्याच जणांची जखम तेवढ्यात भरली नाही हेही त्यातच दिसतं.

उघड्या फ्रॅक्चरचं मात्र वेगळंच निघालं. ब्रिटनमध्ये पायाच्या गंभीर उघड्या फ्रॅक्चरच्या ४६० पेशंटवर मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये छापून आली, वर्षभरानंतर चालण्या-फिरण्यात व्हॅकवाले आणि साध्या ड्रेसिंगवाले यांच्यात म्हणण्यासारखा फरक नाही, खोल इन्फेक्शन ७.१ टक्के आणि ८.१ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखंच. मग आपल्याकडे का वापरतात? कारण तिथे पेशंट लगेच मोठ्या हॉस्पिटलला जातो आणि जखम लवकर झाकली जाते. इथे मधले दिवस जास्त असतात, जखमेतून पाणी भरपूर सुटतं, वॉर्डात एका सिस्टरकडे किती पेशंट ते तुम्ही पाहताच, अशा वेळी दोन-तीन दिवस बंद राहणारं ड्रेसिंग कामाचं असतं. हे माझं मत आहे, चाचणी नाही.

बंद टाक्यांवर छोटं खिशातलं मशीन लावूया म्हणाले, घ्यायचं का?

टाके घालून बंद केलेल्या चिरेवर लावायची छोटी एकदाच वापरायची मशीन मिळतात, काहींचा दाब ८० असतो, डबाच नसतो, पाणी पट्टीतूनच उडून जातं आणि साधारण आठवड्यानी काढून टाकायचं. टाच, घोटा, गुडघ्याखालचं हाड अशा अवघड फ्रॅक्चरच्या टाक्यांवर एका अमेरिकन अभ्यासात इन्फेक्शन जवळपास निम्म्यावर आलेलं, पण नंतर २०२० मध्ये ब्रिटनच्या १५४८ पेशंटच्या चाचणीत ३० दिवसांनी खोल इन्फेक्शन मशीनवाल्यांत ५.८ आणि साध्या पट्टीवाल्यांत ६.७ टक्के, म्हणजे ठाम फायदा दिसला नाही. सरसकट प्रत्येकाला लावायची वस्तू नाही ही. पेशंट खूप जाड आहे, शुगर आहे, सूज भयंकर आहे, कातडी ताणून टाके घातलेत, असं काही कारण डॉक्टर सांगत असतील तर ठीक.

ड्रेसिंग रोज बदलत नाहीत, आत कुजणार नाही का?

साधारण ४८ ते ७२ तासांनी बदलतात, इन्फेक्शन असेल तर लवकर. रोज उघडलं तर व्हॅक लावण्यात अर्थच राहत नाही. बदलताना जखमेचा फोटो काढतात, तो तुम्हालाही दाखवायला सांगा, तीन-चार बदलांचे फोटो शेजारी ठेवले की जखम कुठे चाललीये ते डॉक्टर न सांगताही कळतं. लाल, ओलसर, दाणेदार म्हणजे चांगलं. पिवळट-राखाडी, निस्तेज, जैसे थे म्हणजे थांबून विचार करायला हवा.

बदलताना फार दुखतं का?

दुखतं, खोटं कशाला सांगू. नवीन मांस स्पंजच्या बारीक भोकांत शिरतं, मग ओढलं की ओरबाडल्यासारखं होतं आणि थोडं रक्त येतं. नीट केलं तर बरंच सुसह्य होतं: अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याचं इंजेक्शन किंवा गोळी, मशीन बंद करायचं, नळीतून नाहीतर थेट स्पंजवर सलाईन ओतायचं आणि थांबायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हे थांबणंच घाईत राहून जातं. प्लास्टिक वर खेचायचं नाही, कातडीला समांतर ताणत ताणत सोडवायचं. माणूस फारच घाबरलेला असेल किंवा जखम मोठी असेल तर पहिले बदल ओटीत भूल देऊनच करतात. "दुखण्याचं इंजेक्शन दिलंय का" एवढं ड्रेसिंगच्या आधी सिस्टरला विचारलंत तर कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी विचारा.

अजून एक लक्ष ठेवण्यासारखं. खोल जखमेत स्पंजचे दोन-तीन तुकडे घालावे लागतात. किती घातले ते प्लास्टिकवर मार्करनी लिहायचं आणि काढताना मोजायचं. आत राहिलेला एक तुकडा पुढे पू धरतो, जखम भरता भरत नाही आणि कारण सापडत नाही. तुमच्या पेशंटच्या ड्रेसिंगवर तारीख आणि आकडा दिसतोय का बघा.

मशीन बीप बीप करतंय!

बहुतेक वेळा लीक असतं. कान जवळ नेला की बारीक सूं आवाज येतो. ठरलेल्या जागा म्हणजे बोटांच्या बेचक्या, टाच, बाहेरून रॉड लावलेले असतील तर त्या पिनांच्या भोवती, आणि पायावर केस असतील तिथे. बोटानी दाबून बघा, आवाज थांबला तर तीच जागा, वरून प्लास्टिकचा तुकडा चिकटवला की झालं. दुसरं कारण, नळी पेशंटच्या मांडीखाली दबलीये. तिसरं, डबा भरलाय.

आवाज नको म्हणून मशीन बंद करून झोपू नका. दिवसभरात मिळून दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर तो ओला स्पंज जखमेत नुसता पडून जंतू वाढवतो, मग तो काढून साधं सलाईनचं ड्रेसिंग करावं लागतं.

लाईट गेली तर?

बॅटरी असते, काही तास चालतं, किती ते मॉडेलवर आहे, घरी नेताना विचारून घ्या आणि चार्जर कायम लावलेला ठेवा. पावसाळ्यात आणि गुरुवारी, जेव्हा दुरुस्तीसाठी वीज जाते, आदल्या रात्री चार्ज पूर्ण आहे ना बघून झोपा. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या सॉकेटला लावा.

डब्यात लाल दिसतंय, घाबरायचं का?

पहिल्या दिवशी पातळ गुलाबी-लालसर पाणी येणं नेहमीचं. पण नळीत घट्ट लालभडक रक्त दिसलं, डबा भराभर भरायला लागला, स्पंजच्या कडेनी रक्त येतंय, तर मशीन लगेच बंद करा, ड्रेसिंग उपटू नका, वरून हातानी घट्ट दाबून धरा, पाय उंच करा आणि डॉक्टरांना किंवा १०८ ला फोन करा. मशीन चालू ठेवलं तर ते रक्त ओढतच राहतं. अमेरिकेच्या एफडीएनी (औषधं आणि उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २००९ आणि २०११ मध्ये यावर इशारे दिलेले, मृत्यूही नोंदलेले होते, आणि त्यातले बरेच रक्तस्त्रावामुळे. प्रमाण कमी आहे पण घरात किमान दोघांना हे पाठ पाहिजे, एकटी आजी सोबतीला ठेवून सगळे ऑफिसला गेलेत असं चालणार नाही.

तसंच पायाची बोटं थंड, निळसर किंवा बधिर वाटली, ताप आला, जखमेभोवती लाली पसरली, तर पुढच्या ड्रेसिंगची वाट बघत बसू नका.

थोडा वास येतोय.

स्पंज काढताना थोडा वास येतोच, दोन दिवसांचं साठलेलं असतं, धुतल्यावर जायला हवा. धुऊनही राहिला, किंवा पाणी हिरवट, घट्ट झालं तर सांगा.

पाय हलवायचा का अजिबात नाही?

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर हलवायचा. व्हॅक लावलंय म्हणून पाय महिनाभर उशीवर ठेवून दिला की घोटा खाली वळून अडकतो आणि मग जखम भरते पण चालता येत नाही. बोटं, घोटा, गुडघा फिजिओ सांगतील तसं. नळी हाडाच्या उंचवट्यावरून किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनी दाबून नेलेली नसावी, तिथे नस अगदी कातडीखाली असते, आणि नळीचा वळ उठून नवीनच जखम झालेली मी पाहिलीये. संडासला जाताना मशीन गळ्यात अडकवा, हातात धरून नळी ताणू नका.

भात, डाळ, आंबट बंद केलंय, पू होऊ नये म्हणून. बरोबर ना?

नाही नाही नाही. भातानी पू होत नाही, डाळीनी तर नाहीच. पू जंतूंनी होतो. उलट जखमेतून रोज जे पाणी डब्यात जातंय त्यात प्रथिनं चाललीयेत, ती भरून काढायला डाळ, मटकी, अंडी, दूध, दही, पनीर, चिकन, मासे जे घरात चालतं ते वाढवायला पाहिजे. जखमवाल्या माणसाला वजनाच्या किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम, आणि एका अंड्यात जेमतेम ६. आता नुसत्या पेजेवर ठेवलेल्या माणसाचं काय होणार सांगा. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. हळद दुधात घाला हवी तर, जखमेत नको.

शुगर आणि तंबाखू?

शुगर ताब्यात नसेल तर मशीन काय करणार. हॉस्पिटलमध्ये इन्शुलिन सुरू केलं की "सवय लागेल" म्हणून नको म्हणणारे नातेवाईक असतात, जखम भरेपर्यंत तरी ऐका. बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री यातल्या निकोटिननी बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लावलेली कातडी धरत नाही. मिश्री लोक मोजतच नाहीत, आईला वेगळं विचारा.

खर्च आणि मेडिक्लेम?

आकडा सांगत नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळा. पण एस्टिमेट घेताना चार गोष्टी सुट्या विचारा: मशीनचं रोजचं भाडं, स्पंजचा किट, डबा, आणि बदलायला ओटी लागणार असेल तर तिचा चार्ज. भाडं ऐकून लोक हो म्हणतात आणि किटच्या बिलावर बसतात. किट, डबा पॉलिसीत बसतो का ते टीपीए डेस्कला (हॉस्पिटलातलं मेडिक्लेमचं काम बघणारं टेबल) आधीच विचारा. महात्मा फुले योजनेतलं हॉस्पिटल असेल तर तिथे योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड घेऊन भेटा.

मशीन परवडत नसेल तर काही ठिकाणी भिंतीतल्या सक्शनला किंवा साध्या ड्रेनला जोडून हेच करतात, स्पंज आणि प्लास्टिक निर्जंतुक, दाब मोजलेला आणि बघायला माणूस असेल तर वॉर्डात ते चालतं. घरी असले प्रयोग नकोत, अलार्म नसतो, ओढ बंद पडली तरी कळत नाही.

घरी नेता येतं का?

येतं, जखम स्थिर असेल, रक्त येत नसेल आणि दर दोन-तीन दिवसांनी बदलणारं शिकलेलं कुणी येणार असेल तर. अंघोळ पुसून, मशीनवर पाणी नको. तारखा आधी कॅलेंडरवर टाका. पेठेत राहत असाल तर अनंत चतुर्दशी आणि पालखीचे दिवस सोडून ठरवा, लक्ष्मी रोड, टिळक रोड बंद असतात, आम्हाला बॅग घेऊन आत येता येत नाही आणि तुम्हाला पेशंट घेऊन बाहेर पडता येत नाही.

भरलेला डबा आणि जुना स्पंज कुठे टाकायचा?

ओल्या-सुक्या कचऱ्यात अजिबात नाही, तो कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई हातानी वेगळा करतात. डबा उघडून बेसिनमध्ये ओतायचाही नसतो, आत पाणी घट्ट करणारी पावडर असते बऱ्याचदा. तोंड बंद करून, पिशवीत बांधून ठेवा, ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरकडे द्या, त्या हॉस्पिटलच्या जैविक कचऱ्यात टाकतील. नेत नाही म्हणाल्या तर पुढच्या फॉलोअपला बरोबर घेऊन या.